सुपारी फुटली आणि तो सेंटरला गेला: ट्रेनिंगचे सहा-सात महिने कसे काढायचे

लग्न ठरलंय, सुपारी फुटलीय, आणि मुलगा अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या मुदतीवर, फौजेत भरती होऊन ट्रेनिंगला गेलाय. आज जिची ही अवस्था आहे तिच्यासाठी हे लिहिते आहे. घरी अजून सांगितलेलं नाही, पण दोघांचं पक्कं आहे, अशा मुलींनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. मी फौजीची बायको आहे. आमचं ठरलं तेव्हा हे बेळगावला सेंटरला, म्हणजे ट्रेनिंगच्या केंद्रात होते. त्यानंतर आमच्या भागातल्या कितीतरी मुली "काकू, त्याचा फोनच नाही हो" म्हणत माझ्याकडे येऊन बसल्या. साताऱ्याचं मिलिटरी अपशिंगे, कोल्हापूरकडची सैनिक टाकळी अशा गावांत हे कुणाला शिकवावं लागत नाही, तिथे घराघरांत कुणी ना कुणी फौजेत असतं. पण आता ज्या घरांतून कधीच कुणी भरती झालं नव्हतं तिथली पोरं जाताहेत, आणि त्यांच्या होणाऱ्या बायकांना विचारायला जवळ माणूस नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घे, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बायकोचं नाव फौजेच्या कागदावर असतं, ठरलेल्या मुलीचं नसतं. सेंटरकडे त्याच्या आई-वडिलांचं नाव, पत्ता, फोन आहे. काही झालं तर निरोप त्यांना जाईल, ट्रेनिंग संपतानाच्या परेडचं बोलावणं त्यांना येईल. तू सेंटरला फोन लावलास तर तुला कुणी काही सांगणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून या महिन्यांत तुझे खरे आधार दोन: त्याची आई आणि पोस्ट. मोबाइल तिसरा, आणि तिघांत सगळ्यात बेभरवशाचा. बहुतेक मुली नेमका त्यालाच पहिला धरून बसतात, म्हणून त्यांचे हाल जास्त होतात.

१. माहिती वहीत उतरवून घे

तो निघायच्या आधी, किंवा निघून गेला असेल तर पहिल्या फोनवर, एवढं लिहून घ्यायचं: आर्मी नंबर, कागदावर आहे तसं पूर्ण नाव, कंपनी आणि प्लाटून (म्हणजे सेंटरमधली त्याची तुकडी), सेंटरचं नाव, गाव आणि पिन कोड. यातली कंपनी आणि प्लाटून त्याला पहिल्या आठवड्यात माहीत नसेल, तेव्हा ती जागा रिकामी सोड. वही म्हणते आहे, मोबाइल नाही, कारण मोबाइल बिघडतो आणि हरवतो.

सेंटर कुठलं हेही नीट विचार. "बेळगावला गेलाय" आणि "जबलपूरला गेलाय" यात तुझ्यासाठी फरक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, बॉम्बे इंजिनिअर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं एक नाशिक रोडला तर दुसरं हैदराबादला, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं नागपूरजवळ कामठीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं एक गोव्यात आणि एक जबलपूरला. नौदलात निवड झाली असेल तर ओडिशात आयएनएस चिल्का.

सैन्यातल्या अग्निवीराचं ट्रेनिंग साधारण २४ ते ३१ आठवडे चालतं, चिल्क्याला १६ आठवडे. सुरुवातीचे आठवडे सगळ्यांना सारखे असतात: पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, रायफलची ओळख, वर्ग, साफसफाई, संध्याकाळी खेळ, रात्री गणती. त्यानंतर ज्याच्या त्याच्या हत्याराचं किंवा ट्रेडचं, म्हणजे नेमून दिलेल्या कामाचं शिक्षण. तुला सगळ्यात जड जातील ते पहिले दोन महिने, कारण त्याच्या हातात तेव्हा काहीच नसतं. उठायची, जेवायची, बसायची वेळसुद्धा दुसरा ठरवतो. या काळात फोन आला नाही तर त्याचा अर्थ एवढाच, की फोन मिळाला नाही. त्यातून दुसरा कुठलाही अर्थ काढायचा नाही.

२. लग्नाच्या नियमाचं आत्ताच बघ

हे मी दुसऱ्याच नंबरवर ठेवते आहे, कारण इथे झालेलं नुकसान नंतर भरून येत नाही.

अग्निवीर म्हणून भरती व्हायला मुलगा अविवाहित असावा लागतो. त्यासाठी सरपंचाकडून वगैरे दाखलाही आणावा लागतो. पण अट एवढ्यावर थांबत नाही. हवाई दल आणि नौदलाच्या भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं, की चार वर्षांच्या मुदतीत लग्न करता येणार नाही, केलं तर नोकरीतून काढलं जाईल. सैन्यात असेल तर त्याच्या भरतीची सूचना आणि त्याने सही केलेले कागद स्वतः वाच, त्याच्या वडिलांना वाचायला लाव, आणि तारीख धरण्याआधी त्याने आपल्या ऑफिसात नियम विचारून घ्यावा. "आमच्या ओळखीच्याने केलं, काही झालं नाही" यावर मंडप घालू नये. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम केलं जातं, आणि त्या रांगेत उभं राहताना असल्या गोष्टीने नाव कटलं तर दोन्ही घरं आयुष्यभर बोलत राहतील.

यातच एक धोका लपलेला आहे. घरून दबाव वाढला, किंवा दुसरी स्थळं यायला लागली, की मुलगी म्हणते, "आपण गुपचूप कोर्टात करून टाकू, कुणाला कळणार नाही." कळतं. नोंदणी झालेलं लग्न हा कागद आहे आणि कागद बाहेर येतो. शिवाय साडेसतराव्या वर्षापासून भरती होते. तो २१ वर्षांचा नसेल तर ते लग्न कायद्यानेही बसत नाही. तेव्हा दोन्ही घरांना एकत्र बसवून आत्ताच मोकळेपणाने सांगा, की लग्नाला वेळ आहे. तुझ्या वडिलांना ही वाट बघणं मान्य नसेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं. तो ट्रेनिंगमधून परत आल्यावर कळण्यात सगळ्यांचंच दुःख जास्त.

३. त्याच्या आईकडे जात राहा

लग्नाआधी होणाऱ्या सासरी किती जावं याच्या रीती गावागणिक वेगळ्या. जिथे चालत नाही तिथे फोन कर, आणि तुझ्या आईला मध्ये घे. पण संबंध ठेव. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. मी रविवार सांगते, कारण बहुतेक सेंटरांत मुलांना मोबाइल मिळाला तर रविवारी मिळतो, आणि पहिला फोन आईला जातो. तू तिथे असलीस तर दोन मिनिटं तुझ्याही वाट्याला येतील.

या बाईचा मुलगा पहिल्यांदाच घराबाहेर गेलाय हे लक्षात ठेव. तुला वाटतं तुझं दुःख मोठं आहे, तिलाही तसंच वाटतं, आणि दोघींचंही खरं असतं. कुणाला किती मिनिटं फोन आला याची मोजणी दोघींत सुरू झाली की संपलं. फोन तिला आला आणि तुला आला नाही, तर तिला विचार, "आई, जेवण नीट करतोय म्हणाला का?" ती आपणहून सगळं सांगेल. तुला आला आणि तिला आला नाही, तर लगेच तिला कळव, लपवू नकोस.

सेंटरच्या कंपनी ऑफिसचा नंबर त्याच्या वडिलांकडे असतो, नसला तर त्यांना मिळवून ठेवायला सांग. घरात कुणी दगावलं, मोठं आजारपण आलं, तर निरोप त्यांनीच द्यायचा. पूर्वी अशा वेळी तार जायची, तारेची सेवा २०१३ साली बंद झाली. आता फोन आणि लागले तर कागद. रजा द्यायची की नाही हे सेंटर ठरवतं. वडील थकलेले असतील, कागदपत्रं जमत नसतील, तर बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे जाऊन विचारता येतं.

ज्यांनी घरी सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी ही पायरी सगळ्यात अवघड. त्याच्या आईपर्यंत वाट नसेल तर त्याचा एक भाऊ, बहीण किंवा जवळचा मित्र असा एकच माणूस धर, ज्याला दोघांचं माहीत आहे. चार जणांकडून चार निरोप मागवू नकोस.

४. फोन आला की

रविवारी मोबाइल चार्ज करून जवळ ठेव, रेंज असेल तिथे राहा, अनोळखी नंबर उचल. तो मित्राच्या मोबाइलवरून किंवा बाहेरच्या फोनवरूनही करील. मागे रांग असते, आवाज असतो, आणि त्याला मोकळं बोलता येत नाही. "प्रेम करतोस ना, मग म्हण" असा हट्ट धरू नकोस. शेजारी दहा पोरं कान देऊन उभी असतात.

बोलायचं असेल ते आधी चिठ्ठीवर लिहून ठेव, पण पहिली दोन मिनिटं त्याला बोलू दे. कुणाला रडू फुटतं, कुणी गप्प राहतो, कुणी हिंदीतच बोलायला लागतो, कारण दिवसभर कानावर तेच असतं. कुणी चिडून बोलतो. सकाळपासून रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, खाल्लेला असतो, पाय फुटलेले असतात, झोप अपुरी असते. त्या पाच मिनिटांतल्या आवाजावरून नात्याचा हिशेब मांडू नकोस.

भांडण फोनवर उकरायचं नाही. तुझ्या मनात खरंच काही सलत असेल तर ते पत्रात लिही, तेही दोन दिवस थांबून. फोन ठेवताना शेवटचं वाक्य चांगलं जाऊ दे, कारण पुढचा आठवडाभर त्याच्या डोक्यात तेच राहणार असतं. फोन मध्येच कट झाला तर परत परत लावू नकोस.

आणि तू हुंदके देऊ नकोस असं मी म्हणत नाही. रडू आलं तर रड, त्यालाही बरं वाटतं की आपली कुणी वाट बघतंय. फक्त "परत ये, मला जमत नाही" हे शब्द टाळ. ते ऐकून त्याला तिथे काहीच करता येत नाही.

५. पत्र: खरं काम इथे होतं

आजच्या मुलींना पत्र म्हटलं की हसू येतं. हसू दे. सेंटरमध्ये मोबाइल कपाटात बंद असतो, पत्र खिशात राहतं. रात्री दिवे जायच्या आधीच्या दहा मिनिटांत ते पुन्हा वाचता येतं. फोनवरचे शब्द असे परत काढता येत नाहीत. आमच्या ह्यांच्या काळ्या पेटीत तळाशी माझी त्या वेळची पत्रं अजून आहेत, आणि त्यातली सगळ्यात मळकी आहेत ती ज्यांत काही विशेष नव्हतं: बैलाला काय झालं, कुणाच्या घरी बारसं झालं, ऊस कारखान्याला कधी गेला.

पोस्टात अडीच रुपयांचं निळं अंतर्देशीय पत्र मिळतं. तेवढं पुष्कळ झालं. पाच-सात एकदम आणून ठेव. आठवड्यातून एक, ठरलेल्या वारी. रोज लिहू नकोस. रोज लिहिणाऱ्या मुली दुसऱ्या महिन्यात थकतात, आणि मग एकदम बंद पडलेली पत्रं त्याला जास्त लागतात. नियमितपणा हाच पत्राचा अर्धा मजकूर असतो.

वर उजव्या कोपऱ्यात तारीख आणि पत्राचा क्रमांक टाक: पत्र १, पत्र २. पोस्टाने पत्रं मागेपुढे पोचतात. त्याने सहावं आधी वाचलं आणि पाचव्यातली बातमी कळलीच नाही असं होतं, आणि मग विनाकारण गैरसमज. तुझा पत्ता स्वच्छ अक्षरात. पाकीट असेल तर साधं, त्यावर बदाम-बिदाम काढू नकोस, अत्तर लावू नकोस. डाक बहुतेक सगळ्यांसमोर नाव पुकारून वाटतात, त्याची आठवडाभर थट्टा होईल. पत्र दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडू शकतं असं धरूनच लिही.

काय लिहायचं म्हणून अडतेस ना, हा नमुना घे:

"पत्र ४. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस झाला. दादाने सोयाबीन पेरलं, या वेळी बियाणं महाग पडलं. रविवारी तुमच्या घरी गेले होते. आईंनी थालीपीठ केलं, तुझ्या वाटणीचंही मीच खाल्लं. त्यांचा गुडघा आता बरा आहे, जिना चढतात. तालमीतली बारकी पोरं पहाटे फाट्यापर्यंत पळायला जातात, भरतीची तयारी चालली आहे, तुझा विषय निघतो. माझा मराठीचा पेपर चांगला गेला, इतिहासाचा बेताचा. तू मागच्या फोनवर म्हणालास की दोरीवर चढायला जमत नाही. जमलं का ते लिही. नाही जमलं तरी लिही."

यात बघ काय काय आहे: घरचं ख्यालीखुशाल, त्याच्या आईची तब्येत, गावात त्याचं नाव आहे ही खात्री, तुझं स्वतःचं चाललेलं, आणि शेवटी एकच प्रश्न ज्याचं उत्तर त्याला दोन ओळींत देता येईल. उत्तराची सक्ती करू नकोस. अंतर्देशीय पत्रं दोन-चार त्याच्याकडेही जाऊ देत, तुझा पत्ता आधीच लिहून. त्याला फक्त मजकूर लिहून टाकायचा राहिला तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

काय लिहू नये, तेही सांगते. दुसऱ्या मुलीवरून संशय, सासरच्यांची गाऱ्हाणी, घरातल्या पैशाच्या कटकटी ज्यावर तो तिथून काहीही करू शकत नाही, आणि "गावात लोक असं असं बोलतात". खरी वाईट बातमी मात्र लपवायची नाही. आजोबा गेले आणि त्याला परेडनंतर सांगितलं, तर तो राग जात नाही. अशी बातमी त्याच्या वडिलांनी फोनने द्यायची, तू नंतर पत्र लिहायचं.

खाऊचं पार्सल करायच्या आधी विचार. बऱ्याच ठिकाणी बाहेरचं खाणं चालत नाही, आणि बेसनाचे लाडू चौथ्या दिवशी काय होतात ते तुला माहीत आहे. फोटो पाठव, घरातल्या सगळ्यांचा, अंगावर पूर्ण कपडे असलेला साधा. राखीच्या दिवसांत त्याच्या बहिणीची राखी आठवणीने आधी निघते का बघ. पंधरा दिवस आधी टाकलेली वेळेवर पोचते.

६. "मी सोडून येतो" म्हणाला तर

हे बहुतेक मुलं एकदा तरी म्हणतात. बहुधा पहिल्या दीड महिन्यात. तू "ये" म्हणू नकोस आणि "लाज वाटत नाही का" असंही म्हणू नकोस. विचार, "आज काय झालं?" बऱ्याच वेळा आजचंच काहीतरी असतं: शिक्षा झाली, कुणी बोललं, धावताना मागे पडला. ते ऐकून घेतलं की पुढच्या रविवारी तो विषयही निघत नाही.

पण नियम माहीत असू दे. अग्निवीराला मुदत संपण्याआधी स्वतःच्या इच्छेने सुटता येत नाही, अगदी अपवाद म्हणून वरिष्ठांच्या मंजुरीनेच ते होतं. आणि न सांगता पळून येणं हा सैन्य कायद्याखाली गुन्हा आहे. पळून आलेल्याला लपवायला मदत करणारी मुलगी त्याचं भलं करत नाही. खरंच सहन होत नसेल तर त्याने आपल्या उस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, किंवा प्लाटूनच्या साहेबांना सांगावं. जुने उस्ताद अशी पोरं दरवर्षी बघतात.

अंगाचं दुखणं असेल तर मात्र जोर धर. नडगीचं हाड सततच्या पळण्याने बारीक चिरतं, रिक्रूटांमध्ये हे नेहमीचं आहे, आणि पोरं मागे पडायच्या भीतीने ते दाबून ठेवतात. "एमआय रूमला जा, सिक रिपोर्ट कर", म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात जाऊन दुखणं नोंदव, हे तू स्पष्ट सांग. उपचारात वेळ गेला तर त्याला मागच्या बॅचमध्ये टाकतात, त्याला रेलिगेट होणं म्हणतात. त्याचं ट्रेनिंग लांबतं, परेडची तारीख पुढे जाते. यात नाक कापलं जात नाही. पाय कायमचा गेला तर नोकरी जाते, दोन महिने लांबले तर काही जात नाही. आणि म्हणूनच, परेडच्या अंदाजाने हॉल, बँडवाला, काहीही ठरवून ठेवू नका.

त्याच्या बोलण्यात जगण्याचाच कंटाळा दिसला, "मी नसलेलाच बरा" असलं काही तो म्हणाला, तर ते गुपित ठेवायचं नाही. त्याच क्षणी त्याच्या वडिलांना सांग आणि त्यांना कंपनी ऑफिसला फोन लावायला लाव. तो रागावेल, रागावू दे.

७. फोटो, स्टेटस आणि फसवणूक

वर्दीतला फोटो स्टेटसला लावायचा मोह मला कळतो. लावू नकोस. सेंटरचं नाव, कंपनी, परेडची किंवा प्रवासाची तारीख, यातलं काहीही सोशल मीडियावर टाकायचं नाही. २०२० मध्ये सैन्याने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढायला सांगितली होती. त्यावरून हा विषय किती गंभीर धरला जातो ते समज. तो इन्स्टावर दिसत नाही म्हणून रुसू नकोस, आणि दिसलाच तर त्याला ओरड.

"मी त्याच्यासोबत ट्रेनिंगला आहे" म्हणून कुणी मेसेज केला तर उत्तर देऊ नकोस. "त्याचा अपघात झालाय, दवाखान्यात पैसे भरायचेत, लगेच पाठवा" असा फोन आला तर तो ठेव आणि त्याच्या वडिलांकरवी सेंटरला विचार. फौजेत जवानाच्या उपचाराचे पैसे घरून मागत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदव, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची आशा.

८. पैशाचं थोडक्यात

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले, त्यातले २१,००० हातात. बाकीचे ९,००० सेवानिधीत, म्हणजे मुदत संपल्यावर मिळणाऱ्या ठेवीत जातात आणि सरकार तेवढेच घालतं. चार वर्षांत ही रक्कम व्याज सोडून १० लाख ४ हजारांच्या आसपास होते. पेन्शन नाही. हा हिशेब तू आणि तुझ्या घरच्यांनी नीट बघावा, म्हणजे "फौजीला दिली, आता काळजी नाही" किंवा "चार वर्षांनी रस्त्यावर येईल" यातलं कुठलंही टोक गाठलं जाणार नाही. त्या सेवानिधीच्या भरवशावर आत्ता कर्ज काढून दागिने करायचे नाहीत. आणि पहिल्या पगारातून तुला मोबाइल हवा हा हट्ट मनातसुद्धा आणू नकोस. तो पगार आईच्या हातात पडू दे.

९. तुझे हे महिने तुझे आहेत

काही मुली कॉलेज सोडतात, मैत्रिणींच्यात जात नाहीत, दिवसभर मोबाइल उशाशी. मला हे बघवत नाही. फौजीच्या संसारात तो वर्षातले कितीतरी महिने बाहेर असणार आणि गॅस, बँक, दवाखाना, मुलांची शाळा, शेतीची पाळी सगळं तुझ्या अंगावर येणार. त्याची तयारी करायला याहून चांगला काळ मिळायचा नाही. दुचाकी येत नसेल तर शीक. बँकेचं खातं स्वतःचं असू दे आणि व्यवहार स्वतः कर. डीएड, नर्सिंग, पोलीस भरती, एमपीएससी, टेलरिंग, जे चालू आहे ते चालू ठेव. चालू नसेल तर सुरू कर. हिंदी बोलायची सवय कर. पुढे क्वार्टर मिळालं तर शेजारीण पंजाबची असेल नाहीतर तमिळनाडूची.

लोक बोलतील. "चार वर्षांचीच नोकरी आहे म्हणे," "अजून विचार कर, स्थळं आहेत." प्रत्येकाला उत्तर द्यायची गरज नाही. आई-वडील विचारतील तेव्हा मात्र आकडे समोर ठेवून बोल, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. माजी अग्निवीरांना केंद्रीय पोलीस दलांत राखीव जागा ठेवल्या आहेत, त्याचा नीट अभ्यास तूच करून ठेव.

रात्री झोप लागत नाही, जेवण जात नाही, रोज रडू येतं आणि हे पंधरा दिवसांहून जास्त चाललं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन कर. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. यात लपवण्यासारखं काही नाही. जवळ फौजीच्या घरातली एखादी वडीलधारी बाई असेल तर तिच्याकडे जाऊन बस, ती तुला आधी जेवायला वाढेल आणि मग ऐकून घेईल.

१०. परेड आणि पहिली सुट्टी

पासिंग आऊटचं, जुनी माणसं ज्याला कसम परेड म्हणतात त्याचं, बोलावणं त्याच्या आई-वडिलांना येतं. काही सेंटरांत त्या दिवशी आई-वडिलांना गौरव पदक लावतात. तुला नेतील का, हे त्यांनी ठरवायचं. किती जणांना येता येईल हे त्याने आधी विचारलेलं असू दे. नेलं तर आधार कार्ड जवळ ठेव, फाटकावर तपासणी होते. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितलं तर ठेव, फोटो जिथे नको म्हणतील तिथे काढू नकोस. परेड सकाळी लवकर असते, म्हणून आदल्या दिवशीच गावात पोचा. राहायची सोय आधी करा, कारण त्या दिवशी सगळ्याच मुलांची घरं तिथे उतरलेली असतात. मैदानावर सगळे एकसारखे दिसतात, पहिल्यांदा ओळखू आला नाही तर घाबरू नकोस. आईला मात्र चालीवरून लांबूनच ओळखू येतो, तिच्याशेजारी बस.

नेलं नाही तर? वाईट वाटेल. त्या दिवसासाठी एक पत्र आधी टाकून ठेव, त्याच्या हातात परेडच्या आसपास पडेल असं.

सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस त्याला घरच्यांचा राहू दे. तो काळा आणि बारीक झालेला असेल, पहाटे चारला उठून बसेल, ताट दहा मिनिटांत संपवेल. गावातली मंडळी, तालीम, मामाचं गाव, सगळ्यांना तो हवा असतो. तुझ्या वाट्याला थोडाच वेळ येईल. तो कसा घालवायचा हे तू आधी ठरवलंस तर बरं. मी मुलींना सांगते, एकदा तरी दोघं निवांत बसा आणि चार गोष्टी बोला: लग्नाचा नियम त्याने विचारला का, घरी किती पैसे द्यायचे ठरवलंय, पुढचं पोस्टिंग कुठे, आणि तिथे फोन कसा असेल. सुट्टी पूर्ण मिळेलच असं धरू नका. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव वाढला तेव्हा सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावलं होतं, काहींच्या अंगावरची हळदही उतरली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी नव्या युनिटचा पत्ता वहीत उतरवून घे. त्यात गावाचं नाव नसेल. नंबर, नाव, युनिट, आणि शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस). पिन कोड ९ ने सुरू होतो. पोस्टातल्या माणसाने "गाव कुठलं?" विचारलं तर सांग, एवढाच पत्ता असतो, आणि पत्र पोचतं.